गोविंदअण्णांचे कान

मी शिकलो, पदवीधर झालो, आज धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतो, हे सगळं ज्या एका माणसामुळे झालं त्याचं नाव गोविंदअण्णा. धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या बोळात त्यांचं मोटारींचं गॅरेज होतं. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. शनिवारी सकाळी त्यांची सून सुजातावहिनी हिचा फोन आला तेव्हा मी तपासणीच्या टेबलापाशी उभा होतो. अण्णा पहाटे झोपेतच गेले, असं ती म्हणाली. मी 'बरं' म्हणालो, फोन खिशात ठेवला, हातातल्या भागाचं माप घेतलं, वहीत लिहिलं... आणि मग लक्षात आलं की कुठल्या भागाचं माप लिहिलं तेच मला आठवत नाही. पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे मी इथं कबूल करतो. पहिला विचार भीतीचा होता. अण्णांना एक गोष्ट समजायला हवी होती. आठ वर्षं त्यांनी स्वतःबद्दल एक खोटी गोष्ट खरी मानली होती, आणि ती त्यांना मानायला लावणारा मी होतो. ते खरं कळून गेले, की न कळताच गेले? हुबळीला त्यांच्या मुलाच्या घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी एवढाच विचार करत होतो. तिथं पोचल्यावर मात्र ते कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

माझं गाव अळणावरच्या पलीकडं. वडील लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मराठी शाळेतून दहावी झालो आणि गुण बरे पडले म्हणून गुरुजींनी सांगितलं, याला धारवाडला पाठवा. धारवाडला ओळखीचं कोण, तर आईच्या माहेरच्या गावचे गोविंदअण्णा. नात्याचे नव्हेत, गावचे. त्यांनी गॅरेजवरचा माळा रिकामा करून दिला, रुक्माक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ताटात वाढायला सुरुवात केली, आणि मी सहा वर्षं तिथं राहिलो. कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून सही अण्णांची असायची. ते चौथी शिकलेले, तेही कन्नड शाळेत. मराठी घरात बोलायचे, पण वाचायला कन्नडच. मला उलट कन्नड लिहिता येत नव्हतं. त्यांनीच खडूनं गॅरेजच्या फरशीवर अक्षरं काढून शिकवलं. अक्षर सुंदर नव्हतं, पण प्रत्येक अक्षर सुटं आणि ठसठशीत... नटबोल्ट मांडून ठेवल्यासारखं.

त्यांचा एकच नियम होता. पदवी मिळेपर्यंत मी पाना हातात धरायचा नाही. मला वाटायचं, खाल्ल्या अन्नाला जागून थोडी मदत करावी. एकदा मी न सांगता एका गाडीचं चाक काढायला बसलो. ते आले, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, "हात काळे करायला सगळा जन्म पडलाय. आधी कागद आण." मग मी वर जाऊन बसलो. परीक्षेचे दिवस आले की त्या बोळात वेगळाच कायदा लागू व्हायचा. दुरुस्त झालेली गाडी गॅरेजात सुरू करायची नाही. बोळाच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायची आणि तिकडं सुरू करायची. वर परीक्षा चालू आहे, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. एका मोठ्या वकिलांनाही त्यांनी स्वतःची गाडी ढकलायला लावली होती. वकील धापा टाकत म्हणाले होते, "अण्णा, हा नापास झाला तर मी तुमच्यावर केस घालणार." मी खिडकीतून ऐकत होतो आणि पुस्तकात मला एक अक्षर दिसत नव्हतं. नापास झालो तर या माणसाला मी तोंड कसं दाखवू, ही एकच भीती सहा वर्षं माझ्या उशाशी होती.

अण्णांचे कान सगळ्या धारवाडात माहीत होते. इंजिन चालू ठेवून ते एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटायचे. मग सांगायचे, बेअरिंग गेलंय, किंवा अमुक व्हॉल्व्ह सैल आहे, किंवा काही झालेलं नाही, घरी जा. घरात जेवत असताना बोळात गाडी शिरली की कुणाची गाडी, हे ते घास न थांबवता सांगायचे. रुक्माक्कांना त्याचा उपयोग व्हायचा. पाहुणा दारात यायच्या आत त्यांचा तांदूळ चुलीवर असायचा.

इंजिनिअरिंगच्या पदवीचा कागद मिळाला तेव्हा त्यांनी त्याची झेरॉक्स चौकट करून गॅरेजच्या भिंतीवर लावली. मग लहान मुलाच्या हातात खाऊ द्यावा तसा पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, "आता धर." मला बेलूरला नोकरी लागली होती, पण सकाळी कामावर जाण्याआधी आणि रविवारी मी गॅरेजात जायचो. पहिल्या पगारातून मी हुबळीला लॅमिंग्टन रोडवरून एक टायमिंग लाइट आणला. तो दिवा पाहून अण्णा फार खूश झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

हा दिवा कशासाठी, हे इथं सांगायला हवं. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा तो अगदी माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर इंजिन आतून ठोके मारतं, कधी पिस्टनला भोकही पडतं. उशिरा पडली तर जोर मरतो आणि इंजिन तापतं. ती वेळ डिस्ट्रिब्यूटर नावाचा एक डबा डावी-उजवीकडं थोडा फिरवून लावायची असते. इंजिनाच्या पुढच्या चाकावर, ज्याला पुली म्हणतात, एक बारीक खूण असते. ठिणगीबरोबर दिवा लुकलुकतो आणि फिरणारी खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. ती इंजिनावरच्या अंश कोरलेल्या काट्यासमोर ठरल्या जागी आली की वेळ बरोबर. अण्णांनी आयुष्यात हे कधी खुणेवर केलं नव्हतं. ते डबा फिरवायचे आणि ऐकायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात शांतक्कांची व्हॅन आली. शांतक्का मालमड्डीत खानावळ चालवायच्या, ज्वारीच्या भाकरी आणि भरल्या वांग्याची. रोज दुपारी दीडशे डबे जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये घालून त्या स्वतः चालवत हुबळीला कचेऱ्यांत पोचवायच्या. व्हॅनचं इंजिन पार संपलं होतं. अण्णांनी हुबळीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एक बरं इंजिन शोधून आणलं आणि बदलायचं ठरलं. दोन दिवस आम्ही दोघं राबलो. नव्या इंजिनाची पुली दोन पट्ट्यांची होती, व्हॅनला एका पट्ट्याची लागत होती. म्हणून जुन्या इंजिनाची पुली काढून नव्याला बसवली. बसवली मीच. मग दिवा लावला, खूण काट्यासमोर आणली, डबा घट्ट केला आणि अण्णांकडं पाहिलं. त्यांनी पाठ थोपटली.

पण व्हॅन नीट चालेना. जागेवर उभी असताना थरथरायची, मध्येच गचके द्यायची, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजायचे, आणि चढ आला की जीव टाकायची. शांतक्का पहिल्याच दिवशी परत आल्या. त्यांचा हात स्टिअरिंगवर होता आणि पदराला आमटीचे डाग. म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या इंजिनिअरनं माझ्या गाडीला ढेकर लावलेत. वांगी बसल्या जागी उड्या मारतात." सगळे हसले. मीही हसलो आणि बॉनेट उघडलं. ते माझं पहिलं काम होतं, आणि भिंतीवर माझा कागद लटकत होता.

पुढचे चार दिवस मी झोपेतही ते इंजिन चालवत होतो. सकाळी सहाला गॅरेजात जायचो. प्लगच्या तारा चुकीच्या क्रमानं लागल्यात का पाहिलं, क्रम बरोबर होता. एकेक तार काढून कुठला सिलिंडर काम करत नाही ते पाहिलं, चारही करत होते, पण चारही आळसानं. प्लग बदलले. कॉइल बदलली. कार्ब्युरेटर खोलून त्याची भोकं फुंकली. हवा कुठून चोरून शिरते का म्हणून नळ्या तपासल्या. आणि दर वेळी शेवटी दिवा लावून पाहिला, तर खूण अगदी काट्यासमोर. अण्णा बाजूला स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे असायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि हळू आवाजात, जणू माझी परवानगी घेत, म्हणाले, "ठिणगी उशिरा पडतेय रे."

मी म्हणालो, खूण बरोबर आहे अण्णा. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी कारखान्यातून आलो नव्हतो, तेव्हा त्यांनी एकट्यानं डबा सैल केला आणि कानानं फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर व्हॅन बोळात मांजरासारखी घुरघुरत उभी होती. थरथर नाही, फटाके नाहीत. अण्णांच्या चेहऱ्यावर लपवता न येणारं हसू होतं. मी आनंदी व्हायला हवं होतं... मी दिवा काढला. खूण काट्यापासून कितीतरी लांब पळाली होती. पुस्तकात वाचलेलं सगळं डोळ्यांपुढं आलं. शांतक्का दीडशे डबे घेऊन रस्त्यात आहेत आणि पिस्टनला भोक पडलंय, असं चित्र मला दिसायला लागलं. मी म्हणालो, "अण्णा, बारा अंशांनी चुकलंय हे. इंजिन फुटेल. एवढी चूक कानानं होते कशी?"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. ते हात पुसत होते, ते थांबले. बारा अंश म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. मी पुलीच्या कडेवर दोन बोटं ठेवून दाखवलं. ते त्या दोन बोटांकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असंल. तू शिकलेला आहेस. लाव तुझ्या खुणेवर." मी डबा पुन्हा फिरवला. घुरघुर गेली, थरथर आली. ती राहिलेली खोड कार्ब्युरेटरची असणार, रविवारी बघू, असं मी त्यांना सांगितलं. बरं म्हणाले. ज्या माणसानं सहा वर्षं मला हाताला वंगण लागू दिलं नाही, त्याला माझ्या कागदापुढं स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवणं हा माझा अपमान वाटला असावा.

त्या दुपारी शांतक्का डबे घेऊन निघाल्या आणि नवलूरच्या पुलाच्या चढावर व्हॅन उकळली. शांतक्कांचा फोन आला. अण्णांनी मला कारखान्यातून बोलावून घेतलं आणि आम्ही स्कूटरवर पोचलो, तेव्हा बॉनेटमधून वाफ उसळत होती आणि रस्त्यावर पाणी वाहत होतं. ऑइल तपासलं तर दुधाळ झालेलं. पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅसकेट गेलं होतं. ऊन मी म्हणत होतं. शांतक्का एका मालवाहू रिक्षाला थांबवून डबे चढवत होत्या. जेवणाची वेळ टळून गेली होती. हुबळीतल्या एका कचेरीनं त्याच आठवड्यात त्यांचे डबे बंद केले, ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं. अण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागं होतो, दिवा माझ्या पिशवीत होता.

ते म्हणाले, "शांतक्का, काल संध्याकाळी टायमिंग मी लावलं होतं. चूक माझी. माझे कान गेले आता."

शांतक्कांनी जेवणाचा एक डबा त्यांच्या हातात दिला. "कान गेले तर गेले. हात शाबूत आहेत ना, आधी हे चढवा."

मीही डबे चढवू लागलो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की तेव्हा मला मी चुकलोय असं वाटलंच नाही. जुनं इंजिन होतं, बाजारातलं, त्याचं गॅसकेट आधीच कुजलेलं असणार, असं मी धरून चाललो. अण्णा मला वाचवण्यासाठी दोष घेत आहेत, मोठं मन आहे, असं समजून मी कृतज्ञतेनं गप्प बसलो. ते मला वाचवत नव्हते. आदल्या संध्याकाळी आपण कानानं चुकीची वेळ लावून इंजिन चालवलं तेव्हाच गॅसकेट दुखावलं, असं ते खरंच मानत होते. त्यांच्या कानांनी त्यांना बारा अंशांनी फसवलं, हे त्यांना एका इंजिनिअरनं दाखवून दिलं होतं.

त्यानंतर त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावला नाही. पेट्रोलची गाडी आली आणि इंजिनाची तक्रार असली की ते सांगायचे, पुढच्या चौकात जा, त्यांच्याकडं कॉम्प्युटर आहे. स्वतः ब्रेक करायचे, क्लच करायचे. मला वाटायचं, वय झालं. तीन वर्षांनी त्यांनी शटर ओढलं आणि हुबळीला मुलाकडं राहायला गेले. एकदा मी तिथं गेलो होतो तेव्हा दारात गाडी थांबली. रुक्माक्कांनी सवयीनं आतून विचारलं, कोण आलंय हो. अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, मला काय कळतंय, जाऊन बघ. रुक्माक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, आता हे असंच. मी चहा पीत होतो. मला त्यात काही खटकलं नाही. एवढा मी बिनघोर होतो.

या हिवाळ्यात आमच्या कारखान्यात माझ्या टेबलावर पुलींचा एक गठ्ठा तपासणीला आला. या पुलीला आत एक लोखंडी गाभा असतो, बाहेर लोखंडी कडं, आणि दोन्हींच्या मध्ये धक्के शोषायला रबर चिकटवलेलं. तपासताना आम्ही गाभ्यापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारतो आणि पुली फिरवून, तापवून पाहतो. एका पुलीची रेघ तुटली होती. रबर सुटून बाहेरचं कडं मागं सरकलं होतं. बाहेरून पुली अगदी धडधाकट. मी ती नाकारलेल्या मालात ठेवायला हात पुढं केला आणि हात तसाच राहिला. वेळेची खूण बाहेरच्या कड्यावर असते... कडं मागं सरकलं तर खूणही मागं सरकते. मग माणूस ठिणगी खुणेवर लावतो, आणि ती उशिरा पडते.

शांतक्कांची व्हॅन त्या दिवसानंतर पुन्हा रस्त्यावर आलीच नव्हती. त्यांच्या खानावळीच्या मागं चिंचेखाली ती तशीच उभी होती. मी रजा टाकून गेलो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकात स्क्रूड्रायव्हर सोडला आणि पुढचा नट पान्यानं हळूहळू फिरवू लागलो. पिस्टन वर येतो तसा स्क्रूड्रायव्हर वर उचलला जातो आणि माथ्यावर क्षणभर थांबतो. तो थांबला तेव्हा पुलीवरची खूण काट्यावरच्या शून्यासमोर असायला हवी होती. ती दोन बोटं मागं होती. मी चार वेळा पाहिलं. चारही वेळा दोन बोटं. शांतक्का पडवीत उभ्या राहून विचारत होत्या, काय मेलंय का इंजिनात.

त्या पुलीचं कडं कितीतरी वर्षांपूर्वी सरकलं असणार. कुणाला कळलं नाही, कारण त्या व्हॅनची वेळ अण्णा नेहमी कानानंच लावत आले होते. खुणेकडं कुणी पाहिलंच नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते मी. आणि बारा अंशांची चूक होती ती खुणेची होती, कानांची नव्हती. त्या संध्याकाळी कानानं लावलेली वेळ अगदी बरोबर होती.

मी त्याच दिवशी हुबळीला जायला हवं होतं. गेलो नाही. आधी व्हॅन सुरू करू, मग पुराव्यासकट सांगू, असं मी ठरवलं. आता कळतं की ती भीतीच होती, तिनं कामाचा आव आणला होता. सहा रविवार मी त्या चिंचेखाली घालवले. हेड काढलं, घासून आणलं, गॅसकेट घातलं. मधल्या काळात दोनदा अण्णांना भेटलो. त्यांचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, चार वाक्यं बोलले की दम लागायचा. पहिल्या वेळी शेजारचे एक गृहस्थ बसले होते. अण्णांनी माझी ओळख करून दिली, "हा आमचा इंजिनिअर. याच्यापुढं माझं काही चालत नाही." कौतुकानं म्हणाले. मी मान खाली घातली आणि सांगायचं राहिलं. दुसऱ्या वेळी ते झोपले होते. मी अर्धा तास पलंगाशी बसून त्यांचा श्वास मोजत राहिलो. मधूनच तो अडखळायचा आणि मी उठून उभा राहायचो.

मग एका मंगळवारी मी त्यांना पत्र लिहिलं. वीस किलोमीटरसाठी टपाल. पण समोर बसलो की मी बोलू शकत नव्हतो, आणि फोनवर ते सगळ्याला बरं बरं म्हणून सोडून देतात हे मला माहीत होतं. पत्र कन्नडमध्ये लिहिलं, त्यांना तेच वाचता येतं म्हणून. ते शनिवारी पहाटे गेले. पत्र पोचलं की नाही, हे मी तेराव्यापर्यंत विचारलं नाही. तेराव्याला पंगत उठल्यावर रुक्माक्कांनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

पत्र गुरुवारी दुपारी आलं होतं. अण्णांना चष्मा लावूनही अक्षर दिसेना, म्हणून सुजातावहिनीनं वाचून दाखवलं. मधला भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग डोळे मिटून पडून राहिले. रुक्माक्कांना वाटलं, झोप लागली. संध्याकाळी मुलांना शाळेतून आणणारी शेजाऱ्यांची रिक्षा दारात येऊन थांबली, इंजिन चालूच होतं. अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "त्याला सांग, प्लग मरायला टेकलाय. उद्या मुलांना घेऊन वाटेत बंद पडंल." रुक्माक्का बाहेर जाऊन सांगून आल्या. रिक्षावाला हसला होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं काळा पडलेला प्लग दाखवला. हे सांगताना त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, किती वर्षांनी बोलले बघ असं काहीतरी.

पत्रामुळे बोलले, की सहज बोलले, मला माहीत नाही. मी पुनःपुन्हा त्या गुरुवारच्या संध्याकाळचा विचार करतो आणि दर वेळी दोन्ही उत्तरं खरी वाटतात. एवढं मात्र खरं की सांगायला आठ वर्षं नाही तरी सहा रविवार मी उशीर केला. पत्र रुक्माक्कांकडं आहे. माझ्यापाशी कच्ची प्रत होती, तीवरून ते मराठीत देतो.

*

तीर्थस्वरूप गोविंदअण्णांना महादेवाचा साष्टांग नमस्कार.

तब्येतीबद्दल सुजातावहिनीकडून कळतं. औषध वेळेवर घ्या. रुक्माक्कांना नमस्कार.

एक गोष्ट सांगायची आहे. ती तोंडानं सांगायला दोनदा आलो होतो आणि न सांगता गेलो.

शांतक्कांच्या व्हॅनचं टायमिंग तुम्ही कानानं लावलं होतं, ते बरोबर होतं. मी खुणेवर लावलं, ते चूक होतं. जुन्या पुलीचं बाहेरचं कडं रबरावरून सरकलं होतं आणि खूण त्याच्याबरोबर दोन बोटं मागं गेली होती. मी प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून चार वेळा पाहिलं आहे. तुम्ही म्हणाला होतात, ठिणगी उशिरा पडतेय. ती उशिराच पडत होती. तुमचे कान गेले नव्हते, अण्णा. ते तेव्हाही ठीक होते आणि आताही असणार. नवलूरच्या पुलावर तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा मी मागं उभा होतो. ती माझी होती. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण तुमच्यापेक्षा मी खुणेवर विश्वास ठेवला, हे तर मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही मला शिकवलंत आणि मी त्या शिक्षणानं पहिली गोष्ट ही केली.

शांतक्कांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांग.

व्हॅन आता सुरू होते. नीट चालत नाही, कारण पुली अजून तीच आहे आणि टायमिंग मी लावलेलं आहे. मी मुद्दाम बदललेलं नाही. येत्या रविवारी सकाळी ती हळूहळू हुबळीला घेऊन येतो. तुम्हाला खाली उतरायची गरज नाही. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसा. मी खाली डबा सैल करून थोडा थोडा फिरवतो. दिवा आणणार नाही.

तुम्ही बस्स म्हणाल, तिथं मी थांबेन.

तुमचा,
महादेव